प्रवाळांची नावे आणि प्रवाळभित्तींचे रक्षण : वर्गीकरणाच्या उपयुक्ततेची चिकित्सा

बीजशब्द : प्रवाळ, वर्गीकरणशास्त्र, जाती-संकल्पना, प्रवाळभित्ती संवर्धन, वन्यजीव कायदा

प्रस्तावना :

पूजासाहित्याच्या काही दुकानांतून ‘इंद्रजाल’ या नावाने एक काळसर, जाळीदार वस्तू काचेच्या चौकटीत बसवून विकली जात आलेली आहे. विकणारा ती दुर्मीळ वनस्पतीची मुळी असल्याचे सांगतो आणि घेणारा ती भिंतीवर लावल्याने बाधा टळते, अशा समजुतीने विकत घेतो. वस्तुतः ती वनस्पती नव्हे. समुद्रव्यजन किंवा काळे प्रवाळ या प्राण्यांच्या वसाहतीचा तो वाळलेला सांगाडा होय. २००१ मध्ये या प्राण्यांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, करण्यात आला. तेव्हापासून इंद्रजालाची विक्री हा गुन्हा ठरतो. ही वस्तू वनस्पती की प्राणी, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तिचे सारे कायदेशीर स्थान अवलंबून आहे, आणि हा प्रश्न वर्गीकरणाचा आहे.

वर्गीकरणामुळे प्रवाळभित्तींच्या रक्षणास मदत होते, हे विधान सागरी जीवशास्त्रातील लेखनात इतक्या वेळा येते की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. संशोधन-प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ते असतेच. मात्र कोणत्या पातळीवरचे वर्गीकरण, कोणाच्या हाती आणि कोणत्या कामासाठी, हे स्पष्ट केल्याखेरीज त्या विधानाला अर्थ प्राप्त होत नाही. संघाच्या पातळीवरचे वर्गीकरण इंद्रजाल विकणाऱ्याला पकडण्यास पुरेसे ठरते. कोणत्या भित्तीला अभयारण्याचा दर्जा द्यावा, हे ठरविण्यास ते पुरत नाही. या फरकाच्या अनुषंगाने गेल्या पाव शतकातील प्रवाळ-वर्गीकरणाची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी जीवशास्त्रीय परिभाषेत ‘स्पीशीज’साठी ‘जाती’ आणि ‘जीनस’साठी ‘प्रजाती’ हे शब्द रूढ आहेत. वृत्तपत्रांनी मात्र ‘प्रजाती’ हाच शब्द ‘स्पीशीज’साठी वापरण्याची सवय लावली आहे. वर्गीकरणाविषयीच्या लेखनात हा घोटाळा परवडणारा नाही, म्हणून येथे परिभाषेतील मूळ अर्थच पाळला आहे. खुद्द ‘पोवळे’ हा शब्दही फसवा आहे. नवरत्नांतील तांबडे पोवळे हे मुख्यतः भूमध्य समुद्रातील कोरॅलियम रुब्रम या अष्टशुंडकी प्रवाळाचे असते. प्रवाळभित्ती बांधणाऱ्या कठीण प्रवाळांच्या गणाशी त्याचे नाते दूरचे आहे. अंगठीतील पोवळे आणि मालवणच्या खडकावरचे प्रवाळ यांना सामान्य भाषा एकाच घरात बसविते, शास्त्र बसवीत नाही.

दगड, झाड की प्राणी?

प्रवाळ हा प्राणी आहे, हे मान्य होण्यासच अठरावे शतक उजाडावे लागले. मार्सेय येथील वैद्य पेसोनेल यांनी १७२० च्या दशकात प्रवाळाची ‘फुले’ ही फुले नसून हालचाल करणारे जीव आहेत, असे निरीक्षण मांडले. रेओम्यूर यांच्यासारख्या मान्यवर निसर्गशास्त्रज्ञाने ते अमान्य केले. १७५८ मध्ये लिनियस यांनी आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्रवाळांना प्राण्यांमध्ये, ‘कृमी’ या मोठ्या वर्गात घातले खरे, पण त्यांच्या गटाला दिलेल्या ‘लिथोफायटा’ या नावाचा शब्दशः अर्थ ‘शिलावनस्पती’ असाच होतो. दगड, झाड आणि प्राणी या तिन्ही कल्पना त्या एका गटात एकत्र नांदत होत्या. इंद्रजाल विकणाऱ्याची समजूत त्या अर्थाने फार जुनी आणि एकेकाळी विद्वन्मान्य होती.

एकोणिसाव्या शतकात डेना, मिल्न एडवर्ड्स व एम यांनी आणि १९४३ मध्ये वॉन व वेल्स यांनी प्रवाळांच्या कुलांची मांडणी केली. या सर्वांचा आधार सांगाडा हाच होता. पॉलिप ज्या चुनखडी वाटीत बसतो तिचा व्यास, तिच्यातील उभ्या पडद्यांची संख्या, वसाहतीचा आकार यांवरून जाती ठरविल्या जात. नमुने बहुधा बोटींनी आणलेले, वाळलेले आणि तुटलेले असत. ते जिवंत असताना किती खोलीवर, कोणत्या प्रवाहात वाढले होते, याची नोंद क्वचितच असे. परिणामी एकाच जातीच्या उथळ आणि खोल पाण्यातील रूपांना वेगवेगळी नावे मिळाली. ‘नावे ठेवणे’ या मराठी वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ प्रवाळशास्त्राच्या इतिहासाला लागू पडतात. एका पिढीने नावे ठेवली आणि पुढच्या पिढीने त्या नावांना नावे ठेवली.

व्हेरॉन यांचे कार्य व त्यातील पेच :

या परंपरेला खरे वळण दिले ते जे. ई. एन. व्हेरॉन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने. पूर्व ऑस्ट्रेलियातील कठीण प्रवाळांवर त्यांनी पिशाँ आदी सहकाऱ्यांसह पाच भागांत जे काम १९७६ ते १९८४ या काळात प्रसिद्ध केले, त्याचे महत्त्व पद्धतीत आहे. व्हेरॉन यांनी पाण्यात उतरून, एकाच भित्तीच्या उतारावर लाटांच्या माऱ्यापासून शांत खोलीपर्यंत, एकच जाती कशी रूप पालटते हे पाहिले. संग्रहालयातील अनेक ‘जाती’ त्यामुळे एका जातीची रूपे ठरली. २००० मध्ये ‘कोरल्स ऑफ द वर्ल्ड’ हा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ७९४ जातींची छायाचित्रे, वर्णने आणि प्रसार-नकाशे आहेत. पाण्याखाली काम करणाऱ्या शेकडो अभ्यासकांच्या हाती प्रथमच एक समान भाषा आली. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक जागतिक संवर्धन-दस्तऐवजामागे हा ग्रंथ उभा आहे, ही त्याची थोरवी निर्विवाद होय.

परंतु ग्रंथाचे सामर्थ्य जेथे आहे तेथेच त्याची उणीवही आहे. त्यात सुमारे शंभर नव्या जाती जाहीर झाल्या, आणि त्यांची वर्णने छायाचित्र-ग्रंथाला साजेशी संक्षिप्त होती. प्रारूप नमुन्यांसह सविस्तर प्रकाशन २००२ मध्ये झाले. ही नावे नियमानुसार ग्राह्य की अग्राह्य, या वादाचा निकाल प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाला २०११ मध्ये द्यावा लागला, आणि तो नावांच्या बाजूने लागला. नावे टिकली, तरी एक सवयही मागे राहिली. समोरचे प्रवाळ आणि पुस्तकातील चित्र यांचा मेळ घालून जाती ठरविण्याची ही सवय होय. प्रारूप नमुना, मूळ वर्णन, सूक्ष्म रचना या पायऱ्या गाळल्या तरी नाव मिळते, असा समज त्यातून पसरला.

दुसरा पेच अधिक खोल आहे. १९९५ च्या ‘कोरल्स इन स्पेस अँड टाइम’ या ग्रंथात व्हेरॉन यांनीच असे प्रतिपादन केले होते की, सागरी प्रवाह बदलले की प्रवाळांच्या जाती कधी विलग होतात, कधी संकराने पुन्हा मिसळतात. म्हणजे त्यांची उत्क्रांती झाडाच्या फांद्यांसारखी न होता जाळ्यासारखी होते. हे मान्य केले तर ‘जाती’ ही रेखीव चौकट राहत नाही. असे असता पाचच वर्षांनी त्याच लेखकाने ७९४ रेखीव चौकटी जगापुढे ठेवल्या. यात लेखकाची विसंगती शोधण्यापेक्षा विषयाची अडचण ओळखणे योग्य ठरेल. संवर्धनाला मोजता येणारी एकके लागतात आणि प्रवाळ ती सहजी देत नाहीत. व्हेरॉन यांच्या टीकाकारांनी या बाबीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्यांनी चौकटी चुकल्या असे म्हटले, पण चौकट मुळात काय काम करते, हे फारसे विचारले नाही.

या पेचाचे उत्तम उदाहरण कॅरिबियन समुद्रात आहे. ॲक्रोपोरा पामाटा आणि ॲक्रोपोरा सर्विकॉर्निस या दोन जातींबरोबर तेथे ॲक्रोपोरा प्रोलिफेरा असे तिसरे नावही प्रचलित होते. व्होल्मर आणि पलुंबी यांनी २००२ मध्ये जनुकीय पुराव्याने दाखविले की, हे तिसरे रूप म्हणजे पहिल्या दोघांचा पहिल्या पिढीतील संकर होय. २००६ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त जाती कायद्यात पहिल्या दोन जातींचा समावेश झाला. संकराला त्या यादीत स्वतःचे स्थान मिळाले नाही.

एका नावाखाली तीन जाती :

जनुकीय अभ्यासाने सांगाड्यावर आधारलेल्या वर्गीकरणाला जे धक्के दिले त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. १९९६ मध्ये रोमानो व पलुंबी यांनी कठीण प्रवाळांचे दोन मोठे वंशप्रवाह दाखविले, जे जुन्या उपगणांशी जुळत नव्हते. २००४ मध्ये फुकामी व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये असे दाखविले की, अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांतील अनेक प्रवाळ एकाच प्रजातीत किंवा कुलात घातले गेले असले, तरी त्यांचे साम्य वरवरचे आहे. अटलांटिकमधील प्रवाळांचा एक मोठा गट स्वतंत्र आणि प्राचीन वंशाचा आहे. पुढे हिंद-पॅसिफिकमधील फेविया प्रजातीच्या जाती डिप्सॅस्ट्रिया या नावाखाली गेल्या आणि फेविया हे नाव अटलांटिकपुरते उरले.

हे केवळ नावांचे खांदेपालट आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्याचा संवर्धनाच्या अग्रक्रमाशी थेट संबंध येतो. व्हेरॉन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘प्रवाळ त्रिकोण’ या प्रदेशाची सीमा आखली, ती जातिसंख्येच्या निकषावर. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाइन्स, पापुआ न्यू गिनी, पूर्व तिमोर आणि सॉलोमन बेटे यांच्या समुद्रात ६०५ जाती, म्हणजे जगातील एकूण जातींपैकी ७६ टक्के, आढळतात असे त्यांनी नोंदविले. त्याच वर्षी या सहा देशांनी संयुक्त संवर्धन-योजना जाहीर केली. जातींच्या यादीने राजनैतिक नकाशा घडविल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. परंतु निव्वळ संख्या हाच निकष धरला, तर सुमारे पासष्ट भित्तिकारक जातींचा कॅरिबियन समुद्र दरिद्री ठरतो. २००४ च्या संशोधनानंतर तो तसा राहत नाही. तेथील थोड्या जातींमागे एक स्वतंत्र वंश उभा आहे आणि तो अन्यत्र कोठेही नाही. किती, या प्रश्नाइतकाच कोणत्या, हा प्रश्न मोलाचा ठरतो, आणि त्याचे उत्तर वर्गीकरणाखेरीज दुसरे कोणी देत नाही.

सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र मॉन्टास्ट्रिया ॲन्युलॅरिस या नावाचे आहे. कॅरिबियनमधील हे सर्वांत परिचित भित्तिकारक प्रवाळ. त्याची काही रूपे स्तंभासारखी, काही कडेला झालर असलेल्या ढिगासारखी, तर काही खडबडीत उंचवट्यांची दिसत. प्रकाश आणि खोलीनुसार एकच जाती रूप पालटते, असे स्पष्टीकरण सर्वमान्य होते. व्हेरॉन यांनी ऑस्ट्रेलियात जे तत्त्व सिद्ध केले होते, तेच येथे गृहीत धरले गेले होते. १९९२ मध्ये नॅन्सी नोल्टन व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखविले की, ही रूपे शेजारी शेजारी, एकाच खोलीवरही आपापली वैशिष्ट्ये राखतात आणि प्रथिने, वाढीचा वेग व वर्तन या बाबतींत वेगळी आहेत. पुढे त्यांना तीन जाती मानण्यात आले. आज त्या ऑर्बिसेला ॲन्युलॅरिस, ऑर्बिसेला फेव्हिओलाटा आणि ऑर्बिसेला फ्रँक्सी या नावांनी ओळखल्या जातात. फ्रँक्सी ही जाती त्याच रात्री इतर दोघींच्या आधी, तास-दोन तास अगोदर, आपली बीजे पाण्यात सोडते. समागमाची वेळच वेगळी असल्याने संकराला फारशी संधी मिळत नाही.

या शोधाचे पडसाद दोन दिशांना उमटले. प्रवाळाच्या सांगाड्यातील वार्षिक थर आणि प्राणवायूच्या समस्थानिकांचे प्रमाण यांवरून भूतकाळातील समुद्राचे तापमान काढले जाते. तीन जाती एक समजून घेतलेल्या नोंदींत जातीचा फरक हवामानाचा फरक म्हणून वाचला जाण्याचा धोका होता. दुसरे असे की, सर्वत्र विपुल असलेली एक जाती सुरक्षित वाटत होती. तिचे तीन भाग होताच प्रत्येकीची संख्या आणि तिचा ऱ्हास स्वतंत्रपणे मोजण्याची गरज निर्माण झाली. २०१४ मध्ये अमेरिकेने ज्या २० प्रवाळ जातींना ‘धोक्यात असलेल्या’ म्हणून कायद्याचे संरक्षण दिले, त्यांत या तिन्ही जाती स्वतंत्रपणे आहेत. १९९२ पूर्वीच्या वर्गीकरणानुसार ही गोष्ट शक्यच नव्हती.

याद्या आणि आकडे :

वर्गीकरणाचा संवर्धनाशी संबंध सर्वाधिक दृश्य होतो तो आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत. २००८ मध्ये कार्पेंटर व सहकाऱ्यांनी ८४५ भित्तिकारक जातींचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. १४१ जातींविषयी माहिती अपुरी होती. उरलेल्या ७०४ पैकी ३२.८ टक्के जातींना नामशेष होण्याचा वाढीव धोका असल्याचे सांगण्यात आले. २०२४ मध्ये ८९२ जातींचे मूल्यमापन होऊन हे प्रमाण ४४ टक्के झाले.

हे आकडे वृत्तपत्रांत एकापुढे एक ठेवून वाचले जातात. त्यांची घडण मात्र क्वचितच सांगितली जाते. बहुसंख्य जातींच्या संख्येची दीर्घकालीन नोंद २००८ मध्ये उपलब्ध नव्हती. म्हणून जातीच्या प्रसारक्षेत्रातील भित्तींचा जो ऱ्हास झाला, त्यावरून जातीच्या संख्येतील घट अनुमानिली गेली. प्रसारक्षेत्र नकाशांवरून घ्यायचे, आणि नकाशे कोठे कोणती जाती ओळखली गेली यावर अवलंबून. अशा रीतीने ओळखण्यातील चूक नकाशात, नकाशातील चूक टक्केवारीत उतरते. शिवाय दोन मूल्यमापनांतील जातींचा संच एकच नाही, ही बाबही नजरेआड करून चालणार नाही.

२०२१ मध्ये डीट्झेल व सहकाऱ्यांनी नेमका उलट मार्ग स्वीकारला. पॅसिफिकमधील प्रवाळ-वसाहतींची एकूण संख्या त्यांनी सुमारे अर्धा लाख कोटी इतकी अनुमानिली. लाल यादीत वाढीव धोका दाखविलेल्या ज्या ८० जाती त्यांच्या अभ्यासात होत्या, त्यांपैकी १२ जातींच्या वसाहती प्रत्येकी शंभर कोटींहून अधिक असल्याचे त्यांना आढळले. शंभर कोटी असलेला जीव संकटग्रस्त कसा, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो बिनतोड वाटतो. परंतु तोही वर्गीकरणाच्या पायावरच उभा आहे. एका नावाखाली तीन किंवा चार जाती दडलेल्या असतील, तर शंभर कोटींची वाटणी करावी लागेल, आणि ती समान होईलच असे नाही.

ही शंका निराधार नाही. ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर २०१९ च्या उष्णतेच्या लाटेत पोसिलोपोरा प्रजातीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात मेल्या. डोळ्यांना त्या सारख्याच दिसत होत्या. बर्जेस व सहकाऱ्यांनी जनुकीय तपासणी केली तेव्हा मृत्यूचा भार सर्वांवर सारखा पडला नसून एका दडलेल्या जातीवर विशेष पडल्याचे निष्पन्न झाले. ग्रेट बॅरिअर रीफवरील प्रयोगांत आणि पुनर्रोपणाच्या कामांत वर्षानुवर्षे वापरलेली ‘ॲक्रोपोरा टेन्युइस’ ही त्या नावाची जातीच नव्हे, असे ब्रिज व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखविले. खरी टेन्युइस फिजीची. ऑस्ट्रेलियातील प्रवाळाला १८९२ मधील ॲक्रोपोरा केंटी हे विस्मृत नाव परत मिळाले. प्रयोगशाळेतील निष्कर्ष त्यामुळे खोटे ठरत नाहीत, मात्र ते कोणाविषयी होते याचे उत्तर बदलते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. समुद्र तापतो तेव्हा तो प्रवाळांची नावे विचारीत नाही. २०२३ पासून सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनात एप्रिल २०२५ पर्यंत जगातील ८४ टक्के भित्तिक्षेत्राला विरंजनकारक उष्णतेची झळ पोहोचली होती. अशा वेळी वाटीतील पडदे मोजणे हा उद्योग काहींना जळत्या घरातील भांड्यांची मोजदाद करण्यासारखा वाटतो. आक्षेपातील तथ्य असे की, वर्गीकरण समुद्र थंड करू शकत नाही, आणि संशोधन-प्रस्तावांतून तसा आव आणला जाऊ नये. परंतु मोरेआचे उदाहरण असेही सांगते की उष्णता निवड करते. कोण वाचले हे कळण्यासाठी कोण होते हे आधी ठाऊक असावे लागते.

पाच वसाहतींची जाती :

वर्गीकरण आणि कायदा यांच्या संबंधातील सर्वांत अवघड प्रकरण पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे आहे. १९९४ मध्ये बड आणि गुझमान यांनी सायडरॅस्ट्रिया ग्लिनी ही नवी जाती वर्णिली. तिच्या एकंदर पाचच वसाहती सापडल्या होत्या. १९९७-९८ च्या एल निन्योच्या काळात त्यांपैकी उरलेल्या वसाहती वाचविण्यासाठी संशोधन-केंद्राच्या टाक्यांत हलविण्यात आल्या. लाल यादीने तिला अतिसंकटग्रस्त ठरविले आणि २०१५ मध्ये अमेरिकी कायद्याने संकटग्रस्त म्हणून तिची नोंद केली. मात्र २००५ मध्येच फोर्समन व सहकाऱ्यांच्या जनुकीय अभ्यासाने तिचे कॅरिबियनमधील सायडरॅस्ट्रिया सिडेरिया या विपुल जातीशी अतिशय निकटचे नाते दाखविले होते. ती जगातील सर्वांत दुर्मीळ प्रवाळ आहे, की पनामाची संयोगभूमी ओलांडून अलीकडे आलेला एक पाहुणा?

पहिले उत्तर खरे असेल तर टाकीतील प्रत्येक तुकडा अमूल्य ठरतो. दुसरे खरे असेल तर हा सारा खटाटोप एका विपुल जातीच्या भरकटलेल्या वसाहतींसाठी झाला. कायद्याने संशयाचा फायदा जातीला दिला. हा निर्णय विवेकाचा होता, असेच म्हणावे लागेल. जाती नव्हती असे पुढे ठरले तर काही टाक्यांचा खर्च वाया जाईल. जाती होती असे ती गेल्यावर ठरले तर काहीच करता येणार नाही. दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते.

भारतीय कायदा आणि भारतीय याद्या :

भारताने निराळा मार्ग पत्करला. २००१ च्या दुरुस्तीने भित्तिकारक कठीण प्रवाळांचा संपूर्ण गण, सर्व काळी प्रवाळे, सर्व समुद्रव्यजने, मिलेपोरा आणि ट्युबिपोरा यांना पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. अमेरिकी कायदा जातवार विचार करतो, भारतीय कायदा गणवार. २००९ मध्ये अमेरिकेत ८३ जातींसाठी अर्ज झाला, २०१२ मध्ये ६६ जातींचा प्रस्ताव आला आणि २०१४ मध्ये २० उरल्या. भारतात असा खल करावा लागला नाही. वनरक्षकाला किंवा सीमाशुल्क अधिकाऱ्याला पडदे मोजण्याची गरज नाही. गोणीत प्रवाळ आहे एवढे कळले की पुरे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस करारातही १९९० पासून कठीण प्रवाळांचा पूर्ण गण दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि ज्यांची जाती ओळखणे कठीण अशांच्या बाबतीत प्रजातीपर्यंतची ओळख चालते. याउलट दागिन्यांच्या तांबड्या पोवळ्यांना २००७ आणि २०१० अशा दोन्ही परिषदांत त्या परिशिष्टात स्थान मिळू शकले नाही. घडविलेल्या मण्यावरून जाती ओळखायची कशी, हा विरोधकांचा एक मुद्दा होता. वर्गीकरण संरक्षणाच्या उपयोगी पडते तसे ते संरक्षण टाळण्याच्याही उपयोगी पडते, हे त्यावरून दिसते.

गणवार संरक्षण व्यवहार्य आहे, यात शंका नाही. पण त्याची एक उलटी बाजू महाविद्यालयीन अभ्यासकांना चांगली परिचित आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याचा नमुना संशोधनासाठी घ्यायचा तर केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. ही अट योग्यच आहे, तथापि तिचा परिणाम असा झाला की, परवानगीच्या वाटेला न जाता छायाचित्रावर भागविण्याची प्रथा पडली, आणि व्हेरॉन यांच्या ग्रंथाने ती सोपी केली. सी. एस. गोपीनाथ पिळ्ळै यांनी १९८३ मध्ये भारतातील कठीण प्रवाळांच्या ७१ प्रजातींतील १९९ जाती नोंदविल्या होत्या. २०२० मध्ये डे, नानजकर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अद्ययावत यादीत १०८ प्रजातींतील ५८५ जाती आहेत. या वाढीचे पुष्कळसे श्रेय अंदमान-निकोबारमधील पाण्याखालच्या नव्या सर्वेक्षणांना आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेथे नमुना जतन केलेला नाही, तेथे नोंद पुन्हा तपासता येत नाही. वर्गीकरण बदलले की नमुन्यावर नवे नाव लावता येते, धूसर छायाचित्रावर नाही. ज्या देशात प्रवाळांना सर्वोच्च कायदेशीर संरक्षण आहे, त्याच देशात ती नेमकी कोणती आहेत हे सिद्ध करणारा पुरावा जमविणे अवघड होऊन बसावे, हा विरोधाभास दुर्लक्षिण्यासारखा नाही.

कोकण किनारा :

महाराष्ट्रातील प्रवाळांविषयी सर्वसाधारण समजूत ‘आपल्याकडे प्रवाळ नाहीत’ अशीच होती. १९७९ मध्ये एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर पाण्याखाली असलेल्या, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने उशिरा गेले. गढूळ पाणी, पावसाळ्यातील गाळ आणि भरती-ओहोटीत उघडे पडणारे खडक अशा परिस्थितीत तग धरणारी ही प्रवाळे आहेत. लक्षद्वीपच्या तुलनेत त्यांची संख्या क्षुल्लक आहे आणि जातिसंख्येच्या निकषावर कोकणाला कोणताही नकाशा मानाचे स्थान देणार नाही. परंतु गाळ सोसण्याची क्षमता कोणत्या जातीत आहे, ती जाती मालवणात आणि मुंबईत एकच आहे की दोन, हा प्रश्न संख्येने सुटत नाही.

२०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या बांधकामासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली अन्यत्र हलविण्यात आल्या. महानगराच्या सांडपाण्याशेजारी प्रवाळ आहेत, याचेच अनेकांना नवल वाटले. कायद्याच्या दृष्टीने १८ ही संख्या आणि ‘कठीण प्रवाळ’ ही ओळख पुरेशी होती, आणि ती ओळख नसती तर या वसाहती भरावाखाली गेल्या असत्या. हलविल्यानंतरचे प्रश्न मात्र जातीच्या पातळीवरचे आहेत. नव्या जागी त्याच जातीच्या वसाहती आधीपासून आहेत काय, त्यांची बीजे सोडण्याची वेळ जुळते काय, शेजारी आणून ठेवलेली दोन रूपे एकमेकांशी संकर करतील की ऑर्बिसेलाप्रमाणे तास-दोन तासांच्या अंतराने एकमेकांना चुकवतील, या प्रश्नांची उत्तरे ‘जगल्या’ किंवा ‘मेल्या’ अशा नोंदीतून मिळत नाहीत.

अनेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत काचेच्या कपाटात जुनी प्रवाळे आहेत. त्यांतील फांद्यांच्या प्रवाळावर बहुधा ‘मॅड्रेपोरा’ अशी चिठ्ठी असते, आणि पाठ्यपुस्तकांतही ते नाव दीर्घकाळ टिकले. आजच्या वर्गीकरणात मॅड्रेपोरा ही खोल, थंड पाण्यातील प्रजाती आहे. कपाटातील नमुना बहुतेक वेळा ॲक्रोपोराचा असतो. चिठ्ठीवरचे नाव बदलणे पाच मिनिटांचे काम आहे. नमुना कोणत्या किनाऱ्यावरून, कोणत्या वर्षी आणि किती खोलीवरून आला, हे ज्या चिठ्ठ्यांवर लिहिलेले आहे त्यांची नोंदवही करणे अधिक निकडीचे आहे, कारण २००१ पूर्वी गोळा झालेले ते नमुने आता पुन्हा सहजी मिळणारे नाहीत.